गाडी उसळते ती कुणामुळे

पन्नाशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले आणि दुसऱ्याच आठवड्यात मला सगळं येऊ लागलं. हे माझं तेव्हाचं मत. आता सत्तरी ओलांडून त्या बाईकडे वळून बघते तेव्हा मला तिची फार गंमत वाटते. डोळ्यांवर गॉगल, खांद्याला पिन लावून घट्ट बसवलेला पदर, नाक स्टिअरिंगला टेकेल इतकी पुढे ओढलेली सीट, आणि चेहऱ्यावर असा भाव की चेन्नईतल्या वेस्ट मांबलमच्या गल्ल्या हिला विचारूनच आखल्या असाव्यात.

आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. यांच्या रेल्वेच्या नोकरीपायी इकडे आलो तेव्हा चेन्नईला मद्रास म्हणत. दोन-चार वर्षांत बदली होणारच आहे म्हणून मी पडदेसुद्धा शिवले नव्हते. बदली झाली नाही, पडदे शिवले, तेही विटले. मुलगा इथेच वाढला, सिरुसेरीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागला आणि तिथे त्याच्याच मजल्यावर बसणारी एक मुलगी त्याने पसंत केली. मुलगी इथल्याच मैलापूरची, तंजावरी मराठी. म्हणजे घरात मराठीच, पण आमच्या कितीतरी पिढ्या आधी इकडे आलेल्यांची. तिची आजी बोलायला लागली की कुणीतरी जुनी बखर तमिळ चालीत म्हणून दाखवतंय असं वाटायचं. मला ती मराठी पहिल्या दिवशी गोड वाटली. पुढे त्याच मराठीत माझी हजेरी घेतली गेली तेव्हा तिचा गोडवा जरा कमी झाला.

गाडी आम्ही जुनी घेतली होती. लहानशी, कांद्याच्या सालीच्या रंगाची. आमच्या आधी ती एका डॉक्टरांकडे होती. डॉक्टरांची गाडी म्हणजे जपलेली असणार, असं आम्हा दोघांचं एकमत झालं. डॉक्टर लोक स्वतःच्याच तब्येतीकडे किती बघतात, हे तेव्हा दोघांनाही सुचलं नाही. यांना चेन्नईच्या गर्दीत गाडी चालवायचा कंटाळा, मुलगा कंपनीच्या बसने जायचा, त्यामुळे गाडी आपोआप माझी झाली. मी ती अशी काही वापरली की महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना बसचे नंबर आठवेनासे झाले.

गाडीला एक सवय होती. ती उसळायची. स्पीडब्रेकरवरून उतरली की तिथेच विषय संपवायचा सोडून ती पुढे बराच वेळ वरखाली, वरखाली करत राहायची. पहिल्यांदा मला ते कौतुकाचं वाटलं. पाळण्यात बसल्यासारखं वाटतं ना, असं मी मागे बसलेल्या बायकांना विचारायचे. फुकट गाडीत बसलेली माणसं जे उत्तर देतात तेच त्या द्यायच्या. पुढे ब्रेक दाबला की गाडी नाक खाली घालून वाकायला लागली. मैलापूरच्या देवळापाशी ते शोभून दिसायचं. पण ती सिग्नललाही वाकायची, रिक्षालाही वाकायची, आणि एकदा कचऱ्याच्या गाडीमागे थांबताना इतकी वाकली की मागच्या सीटवरच्या बाईंच्या मांडीवरचा चिवड्याचा डबा पुढे येऊन माझ्या पायाशी पडला.

आमच्या ह्यांचं निदान पहिल्या दिवसापासून तयार होतं. "अगं, गाडी उसळत नाही. तू उसळवतेस."

आता हे कोण बोलतंय ते सांगायला हवं. या गृहस्थांनी सबंध नोकरी रेल्वेच्या डब्यांखाली काढली. डब्याच्या स्प्रिंगा, स्प्रिंगांची उसळी शमवणारी यंत्रं, कुठला डबा किती हलतो आणि किती हलायला हवा, हेच त्यांचं काम. प्रवासात आम्ही नाशिकला चाललो असू की नागपूरला, हे डोळे मिटून बसायचे आणि मधेच म्हणायचे, या डब्याचं मागचं चाक तपासायला हवं. पण आमच्या गाडीत बसले की त्यांचं सगळं शिक्षण खिडकीबाहेर जायचं आणि आत उरायचा फक्त नवरा. क्लच लवकर सोडतेस, ब्रेक उशिरा मारतेस, गिअर चुकीचा टाकतेस. ते जितकं जास्त सांगत तितकी मला खात्री पटत गेली की दोष कशातही असेल, माझ्यात नाही.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला मी गाडी दाखवली होती, नाही असं नाही. त्याने चाकामागे वाकून पाहिलं आणि शॉकअप गेलेत म्हणाला. शॉकअप म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर. स्प्रिंग दबली की तिला पुन्हा पुन्हा उड्या मारू न देता गप्प बसवणारी नळकांडी. आजच्यासारखं हे तेव्हा मला नीट ठाऊक नव्हतं, पण मान मात्र मी जाणत्यासारखी हलवली. अडचण अशी की या माणसाच्या मते प्रत्येक वेळी काहीतरी गेलेलंच असायचं. मागच्या खेपेला क्लच गेला होता, त्याच्या आधी रेडिएटर जायच्या बेतात होता, आणि मी फक्त हवा भरायला गेले होते तेव्हा त्याने दाराच्या रबरांकडे बघून चुकचुक केली होती. ज्याच्या तोंडी सगळंच गेलेलं असतं त्याचं एखादं खरं निघालं तर ते ओळखायचं कसं? मी तमिळमध्ये त्याला ठणकावून सांगितलं की माझ्या गाडीला काही झालेलं नाही. माझं तमिळ भाजीपुरतं होतं. त्यामुळे मी नेमकं काय ठणकावलं कोण जाणे, पण तो हसला एवढं खरं.

मग मी स्वतःच शास्त्र लावलं. गाडी पुढे वाकते, म्हणजे मागे हलकी आहे. हलकं माणूस उडतं, जड माणूस बसल्या जागी राहतं. मंडळात मी हे मांडलं तेव्हा सगळ्याजणींना पटलं. विशेषतः जड होत्या त्यांना फारच पटलं. प्रश्न एवढाच होता की मागे कायमचं वजन कशाचं ठेवायचं.

ओट्याखाली माझा पाटा-वरवंटा पडून होता. माझ्या आईने दिलेला, काळ्या दगडाचा, टाकी लावून लावून खोलगट झालेला. इकडे येताना मी तो गोधडीत गुंडाळून आगगाडीतून आणला होता आणि स्टेशनवरच्या हमालाने तो उचलताना माझ्या माहेरचा तमिळमध्ये उद्धार केला होता. मिक्सर आल्यापासून पाट्याला काम नव्हतं. त्या रविवारी मुलाला आणि ह्यांना दोन बाजूंनी धरायला लावून मी तो पाटा डिक्कीत ठेवला, वरवंटा शेजारी, खाली गोधडी. हे कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, वजन मध्यभागी घे. सबंध आयुष्यात गाडीच्या उसळण्यावर त्यांनी दिलेला हा पहिला तांत्रिक सल्ला.

फरक पडला. पूर्वी गाडी शेळीसारखी उसळायची, आता म्हशीसारखी उसळू लागली. मागची बाजू जमिनीला टेकल्यासारखी, पुढचे दिवे आभाळाकडे. समोरून येणारे लोक डोळ्यांवर हात धरायचे. पण काहीतरी बदललंय म्हणजे सुधारलंय, असं मानणारी ती बाई होती. तिने मंडळात जाहीर केलं की गाडी आता मस्त बसते रस्त्यावर. एकीने तर घरी जाऊन आपल्या नवऱ्याच्या गाडीत खलबत्ता ठेवला.

अशात सुनेला दिवस गेले. सातव्या महिन्यात तिच्या माहेरी बांगड्या भरायचा समारंभ होता. इकडे त्याला वळैकाप्पु म्हणतात, आपल्या डोहाळजेवणासारखाच, फक्त बायका रांगेने येऊन दोन्ही हातांत बांगड्या भरतात, कोपरापर्यंत. तिला मैलापूरला पोचवायचं काम अर्थातच मी घेतलं. पाऊस पडून गेला होता, रस्त्यावर पाणी साचलं होतं, आणि पाण्याखालचा स्पीडब्रेकर मला दिसला तो गाडीने दाखवल्यावर. पुढची चाकं उतरली, मागची आली, पाटा डिक्कीत धाडकन बोलला, आणि मग गाडीने तिचं नेहमीचं सुरू केलं. वर, खाली, वर, खाली. सुनेने एक हात दाराच्या मुठीला घातला, दुसरा पोटावर ठेवला. ती म्हणाली, "आई, जरा थांबवता का?"

मी थांबवली. तिने दार उघडून बाहेर मान काढली आणि सकाळचं सगळं रस्त्यावर गेलं. डॉक्टरांनी नंतर तपासलं, काही झालं नव्हतं, उलटी काय कुठल्याही महिन्यात होते. पण ती माहेरच्या घरात शिरली तेव्हा तिचा चेहरा पांढरा होता, आणि दारातच तिची आजी उभी होती.

आजी माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. आपल्यासारखी नऊवारी नाही, इकडच्या अय्यर बायका नेसतात तशी साडी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या. त्यांनी नातीला आत झोपवलं, पाणी पाजलं, बांगड्यांचा समारंभ शांतपणे पार पडू दिला. सगळ्या बायका पानसुपारी घेऊन निघायच्या बेतात होत्या, म्हणजे ऐकायला पुरेशा होत्या, तेव्हा त्या मला म्हणाल्या, "बाई, पोर आतां इथेंच राहील. आणि बाळास न्यायास याल तेव्हां ती गाडी घेऊन येऊं नका. तुमी चालवणार असाल तर मुळींच नको."

मी हसून होकार दिला. घरी येईपर्यंत हसू तसंच धरून ठेवलं आणि घरी आल्यावर ओट्यापाशी उभी राहून रडले.

बाळाला घरी आणायचं म्हणजे काय ते इथे सांगते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं आणि बाळ जरा धरलं की सासरची माणसं बाळ-बाळंतिणीला आणायला जातात. बाळाच्या आजीने जायचं, दुपट्यात गुंडाळलेलं मूल घेऊन यायचं. माझ्या मुलाला आणायला माझ्या सासूबाई एसटीने आल्या होत्या, आणि येताना मूल कंडक्टरच्याही हातात दिलं नव्हतं. मी मनाशी धरलं होतं की माझ्या नातवंडाला मी स्वतः गाडी चालवून आणणार. त्यात मिरवणं होतं, आहेच. पण तेवढंच नव्हतं. या गावात मी आले ती कुणाच्या तरी मागे चालत. रिक्षावाल्याशी हे बोलायचे, डॉक्टरांशी हे बोलायचे, पुढे मुलगा बोलायचा. मला कुणीतरी नेलं तर मी जायचे. गाडी ही या शहरात मी कुणाला न विचारता केलेली पहिली गोष्ट होती. आणि आता सगळ्यांचं एकमत झालं होतं की बाळाला आणायला कॉल टॅक्सी बोलवावी, नाहीतर ह्यांनी चालवावं. माझा मुलगासुद्धा म्हणाला, तू मागे बाळाला घेऊन बस ना आई, छान दिसेल. छान दिसेल म्हणे.

मुलगी झाली. बारशाला आम्ही रिक्षाने गेलो. परत आल्यावर ह्यांनी जाहीर केलं की ते आता रोज सकाळी थोडी गाडी चालवून हात बसवणार. पहिल्या दिवशी मीही गेले. शेजारच्या सीटवर त्यांनी पाण्याची बाटली आणि पेपर ठेवला होता, म्हणून मी मागे बसले. या गाडीत मी मागे कधीच बसले नव्हते.

हे अगदी सांभाळून निघाले. क्लच हळू, ब्रेक वेळेवर, गिअर पुस्तकात दिल्याप्रमाणे. मांबलम स्टेशनच्या अलीकडचा स्पीडब्रेकर आला. ह्यांनी गाडी जवळजवळ थांबवली, अलगद वर घेतली, अलगद खाली सोडली. आणि गाडी उसळली. वर, खाली, वर, खाली. माझं डोकं टपाला लागलं, पाण्याची बाटली खाली घरंगळली, पेपर पसरला. मला आयुष्यात आनंदाचे प्रसंग बरेच आले, मुलाचं लग्न, नातीचा जन्म वगैरे. पण नुसत्या निर्भेळ आनंदाबद्दल बोलायचं तर तो स्पीडब्रेकर.

आरशात त्यांचे डोळे दिसत होते, त्यांत मी नुसती बघत राहिले.

रस्ता खराब आहे, हे म्हणाले. पुढचा रस्ता चांगला होता, तर म्हणाले, हा तुझा पाटा. पाटा काढला. पुन्हा दोघांनी दोन बाजूंनी धरून. गाडी परत शेळीवर आली. मग म्हणाले, तुझ्या चालवण्याने गाडीला सवय लागलीय. माणसाला सवय लागते, कुत्र्याला लागते, पण रेल्वेतल्या अधिकाऱ्याने गाडीला सवय लागल्याचं म्हणावं, तेव्हा मला कळलं की हा माणूस आता अडचणीत आहे. त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. मुलगा दोघांच्या मध्ये बसून जेवायचा आणि कुणाचीच बाजू न घेता आमटी वाढून घ्यायचा.

शेवटी निवाडा सुनेने केला. आम्ही तिघं मैलापूरला बाळाला बघायला गेलो होतो. गाडी हे चालवत होते आणि मी मागे बसून त्यांना प्रत्येक खड्डा आधी सांगत होते. तिथे पोचल्यावरही आमचं चालूच. सून बाळाला खांद्यावर घेऊन थोपटत होती. ती म्हणाली, "आई, बाबा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. ऑफिसात आम्ही चूक अशीच शोधतो."

तिच्या माहेरच्या गल्लीत एकच स्पीडब्रेकर होता, बरोबर त्यांच्या ओसरीसमोर. रस्ता तोच, गाडी तीच, वेग अगदी सावकाश, माणसं तेवढी बदलायची, असं ठरलं. आजींनी खुर्ची ओसरीवर आणून घेतली. बाळाला घेऊन सून त्यांच्या शेजारी उभी राहिली. आधी हे गेले, मग मुलगा, मग मी. पावणेपाच फुटांची बाई स्टिअरिंगवर लोंबकळत आपल्या सुनेच्या माहेरच्या दारावरून परीक्षेला जातेय, आणि शेजारच्या गच्च्यांवर लोक कपडे वाळत घालायचे थांबलेत. मी श्वास धरून स्पीडब्रेकर ओलांडला. गाडीला काही फरक पडला नाही. ती ह्यांच्या हातात जेवढी उसळली होती तेवढीच मुलाच्या हातात, तेवढीच माझ्या. वाहन असावं तर असं, कुणाचा भेदभाव नाही.

आजी म्हणाल्या, "माणसें बदललीं. गाडीची मान तीच."

मग सुनेने बाळ आजींकडे दिलं, खाली येऊन गाडीच्या पुढच्या कोपऱ्यावर दोन्ही हातांनी जोर देऊन तो दाबला आणि सोडला. एकदा वर येऊन गाडी थांबायला हवी होती, असं ती म्हणाली. आमची गाडी वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली, आणि आम्ही बघत असेपर्यंत हो हो म्हणत मान हलवत राहिली. हे इतका वेळ लांब उभे होते. ते पुढे आले, खाली वाकले, चाकामागे हात घालून काहीतरी चाचपलं. हात बाहेर काढला तेव्हा बोटांवर काळं तेल होतं. त्यांचा चेहरा एकदम ऑफिसातला झाला. शॉक ॲब्सॉर्बर गळतोय, ते म्हणाले, आतलं तेल गेल्यावर स्प्रिंगला धरून ठेवायला काही उरत नाही, टायर बघ कसे मधेमधे झिजलेत, हे कधीच बदलायला हवे होते. अगदी खणखणीत, एखाद्या अहवालासारखं. त्या माणसाला हे सगळं पहिल्यापासून कळत होतं. फक्त रेल्वेचे डबे कधी त्यांच्या बायकोने चालवले नव्हते.

गॅरेजवाल्याकडे गाडी गेली. त्याने चारी शॉकअप बदलले, जुने माझ्यापुढे धरून दांडा आत दाबून दाखवला. सायकलच्या फुटक्या पंपासारखा तो न अडता आत गेला. मी त्याच्याबद्दल मनात जरा मवाळ होत होते, तेवढ्यात त्याने बॉनेटमध्ये डोकावून बॅटरी गेल्याचं सांगितलं. बॅटरी पुढे दोन वर्षं चालली.

आता इथे माझी गोष्ट संपायला हवी होती. मी निर्दोष सुटले होते. पण गाडी दुरुस्त झाल्यावर एक निराळंच संकट उभं राहिलं. गाडी उसळायची थांबली, वाकायची थांबली, अगदी गप्प झाली, आणि त्या शांततेत माझं चालवणं ऐकू यायला लागलं. मी ब्रेक खरंच उशिरा मारत होते. पूर्वी गाडी वाकायची म्हणून ते गाडीच्या नावावर जायचं. आता गाडी सरळ उभी राहायची आणि आत बसलेली माणसं वाकायची. हे प्रत्येक सिग्नलला दोन्ही हात डॅशबोर्डवर ठेवायला लागले, पेपर वाचायचं सोडून.

आजींना मी निरोप पाठवला की गाडी आता बरी झालीय. त्यांचा निरोप आला, गाडी बरी झाली, बाईचें काय? आधी मला फिरवून आणा, मग बघूं.

तेव्हा मी मैलापूरला जाऊन त्यांना गाडीत बसवलं. देवळाभोवतीच्या चारी रस्त्यांना एक फेरी मारली. फुलवाल्या, भांड्यांची दुकानं, सायकली, देवदर्शनाला थांबलेल्या बसगाड्या, रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली गाय. आजी मागे डोळे मिटून बसल्या होत्या. फेरी संपल्यावर म्हणाल्या, पुढचा माणूस थांबेल हें तुमास तो थांबल्यावर कळतें, त्याआधीं कळायास हवें. उद्यां पुन्हा या. मी दुसऱ्या दिवशी गेले. वळताना झोका बसतो म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या की रस्ता ओळखीचा झाला म्हणून तुम्हाला जमतंय, जरा लांब जाऊन बघू. मग आम्ही त्यांच्या धाकट्या बहिणीकडे गेलो. मग भाचीकडे. मग एका डोळ्यांच्या डॉक्टरांकडे, ज्यांच्याकडे त्यांना मुळीच जायचं नव्हतं, असं तिथे पोचल्यावर कळलं. डॉक्टरांच्या दारासमोर त्या गाडीतच बसून राहिल्या आणि चांगला वारा येतो म्हणाल्या.

परीक्षा अशी बरेच दिवस चालली. मी जीव तोडून ब्रेक मारत होते, म्हणजे वेळेवर, म्हणजे अलगद. पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यांकडे बघून आधीच पाय उचलायला शिकत होते. एका संध्याकाळी सुनेने फोनवर हळूच सांगितलं की आजी सकाळपासून साडी नेसून तयार असतात आणि शेजारणींना सांगतात, माझी गाडी यायची आहे. आजोबा गेल्यापासून त्या देवळापलीकडे गेल्याच नव्हत्या. ही बाई मला नापास करत नव्हती, सोडत नव्हती एवढंच. मी पण त्या दिवसांत नापास व्हायला फारशी कुरकुर करत नव्हते. मागच्या सीटवरून कुणीतरी मला दुरुस्त करतंय आणि मला राग येत नाहीये, असं लग्नानंतर पहिल्यांदाच होत होतं.

शेवटी आजींनीच दिवस धरला. बाळाला चांगल्या दिवशी न्यावं म्हणून पंचांग बघितलं, आणि गाडी कोण चालवणार हे कुणी विचारायच्या आत म्हणाल्या, "बाई चालवतील. मी शिकवलें आहे."

त्या सकाळी मी गाडी धुतली. मुलगा ऑफिसच्या कामासाठी बाहेरगावी होता, त्यामुळे गाडीत चौघंच. मागे सून आणि तिच्या मांडीवर दुपट्यात बाळ, पुढे हे. मैलापूरहून वेस्ट मांबलम म्हणजे फार लांब नाही, पण त्या दिवशी मी ते एखाद्या गावाएवढं लांब केलं. प्रत्येक स्पीडब्रेकरला मी गाडी अशी चढवली की मागच्या बसवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढलाच नाही. सिग्नल हिरवा असतानाच मी तो लाल होईल या तयारीने जात होते. हे शेजारी बसून आपल्या पायाखाली नसलेला ब्रेक दाबत होते, पण हळू, माझ्याबरोबरच, आणि एकदा तर आमचे दोघांचे पाय एकाच वेळी पडले. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा रस्त्याकडे. मागे काहीच आवाज नव्हता. मी आरशात बघितलं, नात झोपली होती, सूनही डोळे मिटून टेकली होती. एवढी सुरेख गाडी मी जन्मात चालवली नव्हती आणि बघायला जागं कुणी नव्हतं.

घरासमोर गाडी उभी केली. शेजारीण ओवाळायचं ताट आणि भाकरतुकडा घेऊन पायरीवर तयार होती. तिच्यामागे मंडळातल्या दोघी-तिघी, अगदी नटून. मी हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, पदर सारखा केला. त्या क्षणी नात जागी झाली आणि तिने असा सूर लावला की ताटातलं निरांजन हललं.

सुनेने तिला खांद्यावर घेतलं, थोपटलं, पाजून बघितलं. ती काही थांबेना. हे दार उघडून एक पाय बाहेर टाकून बसले होते.

सून म्हणाली, "आई, तुम्ही गाडी थांबवलीत ना, म्हणून रडतेय."

मी किल्ली फिरवली. शेजारीण हातात ताट घेऊन तशीच बघत राहिली. ह्यांनी पाय आत घेतला, दार लावून घेतलं आणि आता कुठे म्हणून विचारलं. मी त्यांना गप्प बसायला सांगितलं आणि गाडी पुन्हा रस्त्यावर घेतली. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत मागचं रडणं थांबलं होतं.